चुकलेल्या घरातलं पाणी

बाबांनी माठावरचं झाकण काढलं, गडवा बुडवला आणि उभ्याउभ्याच घटाघटा पाणी प्यायले. पुन्हा बुडवला, पुन्हा प्यायले. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी शर्टाच्या बाहीला पुसलं, गडवा झाकणावर उपडा ठेवला, बाहेरच्या खोलीत आले आणि खाटेला पाठ टेकते न टेकते तोच घोरायला लागले. सगळं अगदी रीतसर झालं, रोज व्हायचं तसं. अडचण एवढीच होती की ते घर आमचं नव्हतं. मी फाटकाबाहेर उन्हात उभी होते. कडेवर माझी धाकटी बहीण गुलाब माझी वेणी ओढत होती, आणि उघड्या दारातून मला आमचे बाबा परक्यांच्या खाटेवर पाय पसरून झोपलेले दिसत होते. आज इतक्या वर्षांनी हे सांगताना मला हसू येतं. त्या दुपारी मात्र मी गुलाबला आणखी घट्ट धरलं. मी नऊ वर्षांची होते आणि मला पक्कं माहीत होतं, की आता आपलं घर जळणार.

माणूस स्वतःचं घर कसं चुकतो, असं कोणी विचारेल. त्यानं एकसष्ट सालचं भिलाई पाहायला हवं होतं. सरकारनं पोलाद कारखान्याच्या कामगारांसाठी कागदावर एकच घर काढलं होतं आणि तेच पुन्हा पुन्हा बांधत सुटलं होतं. तोच पिवळा रंग, तेच हिरवं दार, बाहेरची खोली, सरळ पुढे स्वयंपाकघर, मागे आंगण, आंगणात नळ. दारावर नंबर होते, पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला नंबर वाचायला सांगणं म्हणजे झोपेत पाढे म्हणायला लावणं. त्यामुळे माणसं सर्रास भलत्या घरात शिरत. आमच्या लायनीतले एक सरदारजी तर म्हणे परक्या ताटावर बसून भाजीत मीठ नाही म्हणून वाढणारीवर चिडले होते, आणि ती बिचारी बंगाली बाई घाबरून मीठ घेऊन आली होती. यावर बायकांनीच तोड काढली. प्रत्येकीनं एक लुगडं किंवा साडी ठरवून टाकली आणि नवऱ्याच्या सुटीच्या वेळी ती पुढच्या तारेवर वाळत घालायची, ओली असो की कोरडी. बायकोचं नाव चारचौघांत तोंडातून काढताना लाजणारे नवरे तिचं लुगडं मात्र लांबून ओळखून सायकल वळवायचे. माझ्या मायचं, शेवंताबाईचं, लुगडं हिरवं होतं, लाल काठाचं. सुपेल्याच्या बाजारात हातगाडीवर लुगडी विकणारा भैयालाल होता, त्यानं ते देताना शपथ घेतली होती, की बाई, असा माल मी फक्त तुमच्यासाठी आणला, दुसरा नग नाही. भैयालालनं ही शपथ आणखी किती जणींसमोर घेतली होती ते आम्हाला त्या दुपारी कळलं.

मायनं त्या दिवशी नेमकं तेच लुगडं नेसलं. सुपेल्याला जायचं होतं, आणि सुपेल्याला जाताना जुनेर नेसून जाणारी बाई माझ्या मायच्या मते जित्ती नव्हती. मी म्हटलं, "माय, अन् तारेवर दुसरं का टाकशील? बाबा कसे येतीन?" तर ती काठ सारखा करत म्हणाली, "तुहे बाबा का आंधळे हायेत? अन् तू हाय ना पुलियावर. तू काऊन उभी राहातं रोज मंग?" हे खरं होतं. मी रोज आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नाल्यावरच्या पुलियावर बाबांची वाट पाहत उभी राहायची. बाबांनी ते माझं प्रेम मानलं होतं, आणि प्रेम होतंच, पण मी खरं तर पहारा करत होते. त्या दिवशी बाबा, म्हणजे देवाजी, कोक ओव्हनच्या भट्टीवरचे खलाशी, म्हणजे मजूर, डबल ड्यूटी करून येत होते. मला लांबून सायकल दिसली, टोपी दिसली, मी हात हलवला. त्यांचे डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी जागं नव्हतं. ते माझ्यापर्यंत आलेच नाहीत. एक गल्ली अलीकडेच त्यांना तारेवर हिरवं लुगडं, लाल काठाचं, वाऱ्यावर हलताना दिसलं आणि सायकल आपोआप वळली. मी गुलाबला कडेवर घेऊन धावले, हाका मारल्या, पण मधल्या नळावर बायकांचं भांडण रंगात आलं होतं आणि माझा आवाज त्यात विरघळून गेला. मी फाटकाशी पोचले तेव्हा गडवा माठात होता.

बाबा नुसते घरात शिरले असते तर? शिरले असते, नुसते झोपले असते, तर मी बहुतेक हसले असते. पण ते पाणी प्याले होते. माझ्यासाठी सगळी गोम तिथंच होती. मी स्वतः घराबाहेर पाणी पीत नव्हते. कुठेच नाही. शाळेच्या आवारात ओळीनं तोट्या होत्या, सुटी झाली की तेलगू, मल्याळी, पंजाबी, छत्तीसगढी, सगळी पोरं वाकून तोंड लावायची, एकमेकांच्या अंगावर चुळा टाकायची, आणि मी लांब उभी राहून वेणीची रिबीन सोडायची आणि बांधायची. आमच्या बहेनजींनी एकदा विचारलं, "कमला, तुम ऊँट हो क्या?" तेव्हापासून वर्गात माझं नाव ऊँट पडलं. मला ते आवडलं होतं, उंट उंच असतो. उन्हाळ्यात डोकं ठणकायचं, जीभ टाळूला चिकटायची, एकदा प्रार्थनेत चक्कर येऊन पडले. माय मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "बच्ची को पानी पिलाओ." माय चिडलीच. "घरी तं हंडाभर पेते जी हे!" तेही खरं होतं. घरात पाऊल टाकलं की दप्तर खांद्यावर असतानाच मी माठाशी जायची. आणि घरात जेवढी म्हणून भांडी होती ती सगळी भरून ठेवायची. हंडा, गुंड, बादली तर झालीच, पण ताट, वाट्या, डब्याचं झाकण, गुलाबच्या भातुकलीतली बोळकी. नळाला चोवीस तास पाणी होतं तरी. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "बसा जी, आमच्या घरी चमच्यातबी पाणी हाय." सगळे हसायचे, मीही हसायची. माय भांड्यांना अडखळून शिव्या द्यायची, पण एक गोष्ट मी पाहिली होती. स्वयंपाकाला वाटी लागली तर ती त्यातलं पाणी फेकायची नाही, दुसऱ्या भांड्यात ओतायची.

आणखी एक गंमत होती. मला सगळ्यांची भीती वाटायची नाही. सरदारजी केवढे आडदांड, त्यांची वाटायची नाही. रस्त्यानं रशियन जायचे, लाल लाल चेहऱ्याचे, त्यांच्या मागे तर आम्ही पोरं नाचत जायचो. बंगाली, मद्रासी, बिहारी, कोणाचीच नाही. माझी भीती मराठी बोलायची. ज्या घरातून मराठी ऐकू यायचं आणि दारात तुळस असायची, त्या घरासमोरून मी पळत जायची, आणि कोणी नाव विचारलं तर हिंदीत सांगायची. सेक्टरभर अशी घरं मला ठाऊक होती. आणि ज्या घरात आमचे बाबा घोरत होते, त्या घराच्या ओट्यावर डालड्याच्या डब्यात तुळस होती, हिरवीगार, नुकतंच पाणी घातलेली.

सत्तावनच्या उन्हाळ्यात आम्ही गावी होतो, भंडाऱ्याकडे. बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ टिकाराम काका आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. मोहल्ल्यातल्या लोकांनी मेलेली गुरं ओढणं बंद केलं होतं, सणाचं शिळं अन्न मागायला जाणं बंद केलं होतं. गावानं ते सगळं मनात धरलं होतं. वैशाखात आमच्याकडची विहीर आटली. काका एका सकाळी गावच्या विहिरीवर गेले, बादली काढली आणि तिथंच ओंजळीनं पाणी प्याले. गावातल्या लोकांनी त्यांना तिथंच बेदम मारलं. संध्याकाळी ते लोक आमच्या मोहल्ल्यावर चालून आले. मायनं मला उचलून रिकाम्या ढोलीत घातलं, धान साठवायची ती बांबूची मोठी टोपली, वर सूप झाकलं आणि म्हणाली, हूं का चूं करू नको. आत जुन्या धानाचा वास होता, कुसळं टोचत होती, आणि विणीतून बारीक बारीक उजेड येत होता. मग तो उजेड तांबडा झाला. मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर ते लोक हसत होते. लग्नाला निघालेले लोक हसतात तसे, एकमेकांना हाका मारत. त्यांतला एक आवाज माझ्या ओळखीचा होता, तो माणूस मला कधीमधी कवठ द्यायचा. मग एकदम हसू थांबलं, आणि हसू थांबल्यावर छपरं पेटली. विझवायला पाणी नव्हतं. कोणी मेलं नाही. काकांचा पाय मोडला, तो वाकडा जुळला. ते पुढे गोंदियाला रेल्वेत लागले आणि आपल्या चालण्याची नक्कल सगळ्यांत झकास तेच करायचे. ती रात्र आम्ही शेतात काढली. मला तहान लागली होती. पण मोठी माणसं एकच वाक्य बोलत होती, "पाण्यापायी झालं, सारं पाण्यापायी झालं," आणि मी पाच वर्षांची असले तरी बहिरी नव्हते. मी तहान गिळून टाकली. ते पाणी कोणाचं आणि राग कशाचा, हे मला कोणी सांगितलं नाही, कारण मला काय कळलं हे कोणी विचारलंच नाही. त्यांना वाटलं, ही तर ढोलीत होती, हिला काय दिसणार.

भिलाईला आलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी कारखान्याकडचं आकाश तांबडं झालं. तिथं लोखंड वितळवून निघालेला तापलेला मळ ओततात, रोजच ओततात. मी मुकाट्यानं उठले, तान्ह्या गुलाबला उचललं आणि पत्र्याच्या पेटीतले कपडे बाहेर फेकून तिला आत ठेवायला लागले. बाबांनी पाहिलं, धावत आले, पेटीचं झाकण धरलं. मग मला खांद्यावर बसवून बाहेर नेलं. सगळ्या लायनीतली पोरं बाहेर येऊन टाळ्या पिटत होती, लाडूवाल्याभोवती जमावं तशी. बाबा म्हणाले, "पाय, हे आपली भट्टी हाय. इथं आग कामाले लावली हाय, कमले. इथं कोणी कोणाले वळखतबी नाई, भ्याचं कोणाले?" त्या आगीची मला सवय झाली, पुढे पुढे तर मीही टाळ्या पिटायची. बाबांना वाटलं, पोरगी सावरली. मलाही तसंच वाटायचं. दिवसभर मी खेळायची, भांडायची, लंगडीत सगळ्यांना हरवायची. पाणी तेवढं प्यायची नाही.

तर मी फाटकाशी उभी होते आणि मागच्या आंगणातून त्या घरची बाई आत आली. हातात कुरड्यांचं सूप, अंगावर घरातली विटकी साडी, आणि कपाळावर कुंकू घामानं थोडं पसरलेलं. तिनं खाटेवर माणूस पाहिला. मी डोळे मिटून घेतले. आरडाओरडा होईना म्हणून उघडले, तर ती बाई पदर सावरून खाटेपासून लांब उभी राहून हसत होती. मग ती पाय न वाजवता दाराशी आली, मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "क्या है बेटी? शोर मत करना. मेहमान आए हैं, हमारे देवर. कल आने वाले थे, आज ही आ गए. देख, टोपी भी मिल गई, मतलब नोकरी लग गई!" खरंच, बाबांची कारखान्याची टोपी त्यांच्या पोटावर वरखाली होत होती. नाही म्हणावं तर हा कोण हे सांगावं लागणार, आणि कोण हे सांगितलं की झालंच. मी म्हटलं, "कुछ नहीं." ती म्हणाली, "धूप में क्यों खड़ी है? अंदर आ." मी हलले नाही. पण आमच्या गुलाबला भीती म्हणून कशी असते ते माहीत नव्हतं, ती त्या आगीनंतर जन्मली होती. ती माझ्या कडेवरून घसरली, फाटकाच्या खालून वाकून गेली आणि ओटा चढून सरळ घरात.

तिला आणायला मला आत जावं लागलं. मी उंबरा ओलांडला तो आठवतो. फरशी थंड होती आणि भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर होतं. स्वयंपाकघरात गुलाब चुलीसमोर फतकल मारून बसली होती आणि ती बाई, तिचं नाव कमलिनी, कांदा चिरत होती. पाहुण्यासाठी भजी करायची होती. "उठतीन तं गरमागरम देईन," ती स्वतःशीच मराठीत म्हणाली आणि मी एक पाऊल मागे सरकले. मग तिनं बेसन परातीत घेतलं, गडवा उचलला, तोच, बाबांनी उपडा ठेवलेला, माठात बुडवला आणि बेसनात पाणी ओतलं. आता पाणी नुसतं माठात राहिलं नव्हतं, बेसनात गेलं होतं. मी मनातल्या मनात ते पुढे पुढे जाताना पाहत होते, बेसनातून भज्यात, भज्यातून ह्या बाईच्या पोटात, हिच्या नवऱ्याच्या पोटात. सगळं घर बाटत चाललं होतं आणि ती बाई ओवा चोळत गुणगुणत होती. मी बाबांच्या खाटेशी गेले, त्यांचा अंगठा ओढला. ते कुशीवर वळले. मी चिमटा काढला. ते झोपेत म्हणाले, "येतो ना वं, शेवंते," आणि पुन्हा घोरायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात रस्त्यावरून हसण्याचा आवाज आला.

तीन-चार माणसं होती. कारखान्याचं टाइम ऑफिस, म्हणजे हजेरीचं ऑफिस, सुटलं होतं. ती मोठमोठ्यानं हसत होती, मधूनच हाका, पाठीवर थापा. आवाज जवळ आला, फाटकाशी थांबला, काही जण पुढे गेले आणि दोन माणसं हसत हसत ओट्यावर चढली. एक ह्या घरचे श्यामराव, क्लार्क, ढगळ पँट आणि खिशाला दोन पेनं. दुसरे त्यांचे ऑफिसातले अरुणकुमार, उत्तरेकडचे, पान खाणारे. दारात येऊन श्यामराव थबकले. "हे कोण?"

"कोण का? तुमचे भाऊ ना," कमलिनीबाई बेसनाचे हात वर धरून बाहेर आल्या. "दयाराम भावजी. आत्याबाईचे. म्या तं त्याईले कधी पाहलं नाई."

"दयाराम? अवं, दयाराम अर्ध्या खाटेत मावते!" श्यामराव इतके हसले की अरुणकुमारांनाही हसू आलं. मग ते खाटेकडे नीट पाहायला लागले. "मंग हा कोण होय?"

हसू थांबलं. मला आवाज थांबल्याचं ऐकू आलं. माझ्या तोवरच्या अनुभवात हसू थांबलं की पुढचं सुरू व्हायचं. त्या शांततेनंच बहुतेक बाबा जागे झाले. उठून बसले, टोपी खाली पडली, समोर अनोळखी भिंत, अनोळखी गणपती, अनोळखी माणसं. माणूस झोपेतून उठून परक्या लोकांसमोर सापडला की हात जोडतो, तसे त्यांनी जोडले, आणि रोज तोंडात असतं तेच तोंडातून निघालं. "जय भीम."

अरुणकुमारांनी श्यामरावांकडे पाहिलं. श्यामरावांनी बायकोकडे पाहिलं. कमलिनीबाईंच्या बोटांवरून बेसनाचा एक थेंब फरशीवर पडला, आणि त्यांची नजर एकदा स्वयंपाकघराकडे, माठाकडे गेली. ती नजर मी ओळखली. मी बाबांच्या आणि त्या सगळ्यांच्या मधे जाऊन उभी राहिले. मी दोन्ही हात पसरले होते असं बाबा नंतर सांगायचे, मला आठवत नाही. मला फक्त माझा आवाज आठवतो, आणि तो हिंदीत नव्हता.

"पाणी म्या पेलं! बाबानं नाई पेलं. म्या पेलं!"

पाण्याचं कोणी नावही काढलं नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला वाटलं, ह्यांचा विश्वास बसत नाही. मग मी स्वयंपाकघरात धावले, गडवा उचलला, माठात कोपरापर्यंत हात घातला आणि सगळ्यांच्या समोर, त्यांना दिसेल असं, तोंडाला लावला. घाईत अर्धं पाणी फ्रॉकवर सांडलं. दात दुखतील इतकं थंड होतं. मी श्वास न घेता प्याले, संपेपर्यंत, आणि गडवा छातीशी धरून वाट पाहत उभी राहिले. आता मारतील तर मला मारतील, काकांना मारलं तसं, आणि मग निदान घर तरी राहील. गुलाबनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले भजे पायजे."

बाबा उठले. मला वाटलं, ते माझा हात धरून तिथून निघतील. पण ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, घरात खूप दिवसांपासून दडून बसलेलं काहीतरी आज पहिल्यांदाच दिसल्यावर माणसाचा व्हावा तसा. ते श्यामरावांना म्हणाले, "नाई जी. पाणी म्या पेलं, दोन गडवे पेलं. हे पोरगी मले वाचवून राहिली." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "पेलं तं पेलं, कमले. पाणीच होय. म्या पेलं अन् तूबी पेली."

श्यामराव गोंधळले. "पाणीच ना? मंग त्यात वाचवाचं का हाय?" त्यांना खरंच समजलं नव्हतं की समजूनही ते तसे बोलले, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. माणूस बोलका होता, शांतता त्यांना सोसायची नाही. ते ओट्यावर गेले, तारेकडे पाहिलं, आणि एकदम ओरडले, "हे लुगडं पाहून आले का तुमी?" बाबा म्हणाले, "हो जी. आमच्या घरीबी असंच हाय. हिरवं. सुपेल्याचं." "भैयालाल!" कमलिनीबाई म्हणाल्या, "मेल्यानं मले शपथ घालून देल्लं, दुसरा नग नाई म्हणून!" मग अरुणकुमार सांगायला लागले की गेल्या महिन्यात ते स्वतः एका घरात शिरून बनियनवर येईपर्यंत त्यांना पत्ता नव्हता, आणि ते घर कोणाचं, तर त्यांच्याच साहेबांचं. श्यामराव मांडीवर थाप मारून हसले, बाबाही हसले, मान खाली घालून, टोपीला हातानं फिरवत. हसू पुन्हा सुरू झालं होतं. हे मला नवीन होतं. थांबलेलं हसू पुन्हा सुरूही होतं, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

कमलिनीबाई मात्र हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्याही कुठल्यातरी गावाच्याच होत्या. त्या गावालाही विहीर असणार, आणि विहिरीपासून लांब कोणीतरी उभं राहत असणार, हे मला त्या वयात सुचलं नाही, पुढे सुचलं. मी काय वाचवत होते ते त्या खोलीत बाबांखेरीज त्यांनाच कळलं होतं. पुढे ह्या घराशी आमचं चांगलं जाणंयेणं झालं, मायचं आणि त्यांचं भैयालालला गाठून भांडण्यातून गूळपीठ जमलं. पण त्याच उन्हाळ्यात त्यांच्याकडे माठ नवा आला होता. जुना फुटला म्हणे. माय एवढंच म्हणाली, "फुटला असंन. माठ फुटतेतच." मी मात्र ठरवून टाकलं आहे की फुटला. आणि माझं म्हणाल, तर मी एका दुपारीत काही शहाणी झाले नाही. आमच्या घरी वाट्या भरलेल्याच राहिल्या, कितीतरी दिवस, आणि हसणाऱ्या माणसांचा घोळका दिसला की मी अजूनही रस्ता बदलते.

पण त्या दुपारी अजून काही व्हायचं होतं. कमलिनीबाईंनी बेसनाचे हात पदराला पुसले, पुढे आल्या आणि माझ्या छातीशी घट्ट धरलेला गडवा हळूच सोडवून घेतला. मला वाटलं, आता तो धुतील. त्यांनी तो तसाच माठात बुडवला आणि भरून वर काढला. मी सवयीनं ओंजळ पुढे केली. आमच्यासारख्यांना वरून ओततात, हे मला गावातच ठाऊक झालं होतं. कमलिनीबाई त्या ओंजळीकडे पाहतच राहिल्या. मग खाली बसल्या, माझे हात एकमेकांपासून सोडवले आणि गडवा त्यांत दिला. "अशी पे," त्या मराठीत म्हणाल्या, "उन्हातून आली तू. धीरानं पे."

पहिला गडवा मी बाबांसाठी प्याले होते. दुसरा मला तहान लागली होती म्हणून प्याले.